काचबिंदूच्या लेसरला जाताना : फ्रिजमधली बाटली आधी काढा

फाइल, आधार, विम्याची कागदपत्रं, सोबतीला एक माणूस, हे सांगायला नको. थेंबांचं मात्र नीट वाचा. डोळ्यातला दाब कमी करणाऱ्या थेंबांच्या जेवढ्या बाटल्या चालू आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत हव्यात, आणि रात्रीचे थेंब फ्रिजच्या दारात असतात ते सगळ्यांत आधी काढा. बाबांच्या वेळी नेमकी तीच बाटली घरी राहिली. डॉक्टरांनी समोर ठेवलेल्या बाटल्या बघून कागद लिहिला. त्यात हिचं नाव नाही, म्हणजे ती बंद, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या तपासणीत दाब पुन्हा चाळिशीच्या वर.

मधुमेहाने डोळ्यात नको तिथे नव्या रक्तवाहिन्या वाढून होणारा काचबिंदू थेंबांना दाद देईना, म्हणून तर हा डायोड लेसर करतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टोक टेकवून ८१० नॅनोमीटरचा किरण आत सोडतात, आतलं पाणी तयार करणारा भाग थोडा जाळतात. खरा परिणाम कळायला महिनाभर जातो. तोवर थेंब चालू! लेसरच्या दिवशी सकाळीही चालू. एखादी बाटली बंद करायची असेल तर ते डॉक्टर सांगतील, आपण ठरवायचं नाही. निघताना एकेक बाटली हातात धरून विचारा, ही चालू की बंद, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. फ्रिजमधलीचंही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने थांबवू नका. उपाशी यायचं का, तेही विचारा. उपाशीपोटी नेहमीचं इन्सुलिन टोचलं तर साखर खाली जाते. डायमॉक्स (डोळ्यातला दाब उतरवणारी गोळी) देणार असतील तर किडनीचे रिपोर्ट आणि सल्फाची अ‍ॅलर्जी आठवणीने सांगा. गेलेली नजर याने परत येत नाही, आहे तीही कधी कमी होते, लेसर पुन्हा करावा लागू शकतो. हे घरात सगळ्यांना आधी माहीत असू दे.

भूल उतरली की दुखतं. सांगितलेली गोळी जवळ ठेवा. पट्टी सांगतील तेव्हाच काढायची. सुजेचे नवे थेंब मिळतील, ते जुन्यांच्या जागी नाहीत, जोडीला आहेत. दोन थेंबांत पाच मिनिटं. दुखणं वाढतच गेलं किंवा उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा.