बाइकवरच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर अशी गेली

बाइकवरच्या रेडिओचा आवाज वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर बसवला आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एफएम १००.७ला नुसती खरखर. आधी संशय स्पार्क प्लगवर. पण इंजिन बंद केलं तरी आवाज तसाच. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून रेडिओ इअरफोनवर ऐकला, तर गाणं स्वच्छ! म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच. तो क्लास-डी जातीचा; असा अ‍ॅम्प्लिफायर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो आणि लांब वायर त्याची अँटेना बनून ती खरखर पसरवते. माझ्या स्पीकरच्या वायरी तर टाकीखाली हातभर गुंडाळून कोंबलेल्या. त्या कापून वीतभर केल्या, जोडीने पिळल्या, अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी तोंडाशी फेराइटच्या (असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून तीन वेढे दिले. निम्मी खरखर तिथेच गेली. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर रंगवलेल्या फ्रेमला होती, ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. रेडिओची अँटेना दुसऱ्या बाजूला घेतली. आता माजिवड्यापासून गायमुखापर्यंत निवेदकाचा शब्दन् शब्द कळतो.