इंजिनाखालची डिझेल प्यालेली माती मुळांकडून कशी साफ करून घ्यावी

विहिरीवर डिझेल इंजिन असलं की त्याच्या खाली काळा, उग्र वासाचा पट्टा असतोच. तो उकरून ओढ्यात लोटू नका. तिथे गवत लावा. तेल गवत खात नाही, त्याच्या मुळांशी जमणारे जीवाणू खातात. मुळं साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं पाझरत राहतात आणि त्यावर ही वस्ती पोसली जाते. मुळांलगतच्या मातीला लोरेन्झ हिल्टनरनं १९०४ साली 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं.

आधी गळती बंद करा. तेलानं चिकट झालेला वरचा थर वेगळा काढा, बाकीची माती वीतभर खणून भुसभुशीत करा.

खरी गोची पुढे आहे: बी जगवणं. पहिल्या वर्षी मी थेट ज्वारी टोकली, तीही गवतातलीच. निम्मं बी कुजलं, उगवलं ते पिवळं पडलं. मग कुणीतरी सांगितलं, गुळाचं पाणी घाल, जीवाणू वाढतील. वाढलेही! त्यांनी आधी गूळ फस्त केला, त्यात मातीतलं नत्र आणि हवाही संपवली. डिझेलचा वास जिथल्या तिथे. गुळाचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

पिवळेपणाचं कारण साधं आहे. डिझेलमध्ये कार्बन भरपूर, नत्र नावापुरतं. ते पचवताना जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. म्हणून आधी कुंडीत हीच माती भरून दहा दाणे लावा. निम्मेही उगवले नाहीत, तर तिच्यात चांगली माती आणि पुरतं कुजलेलं शेणखत मिसळा आणि पुन्हा दहा दाणे लावा. युरिया चिमटीचिमटीनं, पंधरा दिवसांच्या अंतरानं द्या. मूठभर ओतलात तर रोप करपेल. पाणी तुंबू देऊ नका, या जीवाणूंना हवा लागते.

ज्वारीसारखी झुपकेदार मुळं हवीत, कारण पाझर मुख्यतः कोवळ्या टोकांपाशी असतो आणि अशा मुळांना टोकं बक्कळ. सोबत थोडी चवळी टाका. वाढलं की कापा, उपटू नका. कापलेलं गुरांना घालू नका, शेंगाही खाऊ नका.

जळक्या ऑईलचं प्रकरण निराळं. त्यातलं जस्त, शिसं कुठलाही जीवाणू मोडून संपवू शकत नाही. ती माती या वाफ्यात आणू नका.

एका पावसाळ्यात भागत नाही. वास गेला तरी पुन्हा कुंडी भरा, दहा दाणे लावा.