शिंदळ माकुडीच्या मागे लागण्याआधी

शिंदळ माकुडी या कड्यांवर वाढणाऱ्या वनस्पतीवर प्रकल्प करायचा म्हटलं की सगळ्यांना आधी कड्याची धास्ती वाटते. कड्याचं काही नाही, दुर्बीण असली की भागतं. माणूस अडकतो तो हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नावापाशी. माझेही बरेच दिवस तिथेच गेले, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने हिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. पुढे हिला कॅरालुमा या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवलं गेलं. पण तिथे कॅरालुमा इंडिका आधीच हजर, आणि ती वेगळीच वनस्पती! एका प्रजातीत दोन जातींना एकच नाव चालत नाही, म्हणून हिचं ‘इंडिका’ सुटलं आणि ही कॅरालुमा फ्रेरी झाली. हल्ली अनेक याद्यांत ती बूसेरोसिया फ्रेरी म्हणून सापडते. तेव्हा ‘इंडिका’ शोधत कॅरालुमाचे गठ्ठे उपसलेत, तर भलत्याच वनस्पतीच्या नोंदी तुमच्या नकाशावर चढणार. त्यात कूळही बदललंय: जुन्या मांडणीत अॅस्क्लेपिएडेसी, नव्यात अॅपोसायनेसी. तिन्ही नावं आणि दोन्ही कुळं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून काढा. कंटाळा येईल, तरी काढा.

प्रत्यक्ष झाड ओळखणं त्यामानाने सोपं आहे, घाबरू नका. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा ठिकाणी कातळाच्या खाचांत ती असते. पावसाळ्यात मांसल खोडावर चक्क हिरवीगार पानं; तिच्या भाऊबंदांत अशी पानं सहसा नसतातच. फूल म्हणजे पिवळ्या खुणांची काळपट लाल चांदणी. नाक जवळ न्या, माश्या का घोंघावतात ते कळेल. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या करड्या कांड्या उरतात आणि मोबाइलचं अॅप खुशाल काहीही नाव ठोकून देतं. “फोटो पाठव, मी सांगतो” म्हणणारे मार्गदर्शकही मला त्याच पंक्तीतले वाटतात.

नमुना परवानगी असेल तरच, आणि तोही छोटा तुकडा. नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्येही मांसल खोड बरेच दिवस जिवंत राहतं आणि पानं गाळतं. म्हणून ते आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा. फूल दाबायचं नाही, अल्कोहोलमध्ये ठेवायचं. फुलाच्या मधोमध असलेलं कोरोना नावाचं नाजूक कडं चपटं झालं की ओळखीचा पुरावाच गेला.

नेमकं ठिकाण वहीतच राहू द्या. जाहीर करताना तालुका सांगितला तरी पुरे. झाडं उपटून नेणारेही नोंदी वाचतात.