ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये स्वतःची ॲक्सेस पॉलिसी कशी बसवावी

जावा ॲप्लिकेशनमध्ये कोणाला काय उघडता येईल हे बहुधा रोलवर, म्हणजे वापरकर्त्याला नेमून दिलेल्या भूमिकेवर, ठरतं. लिपिकाला अर्ज, शाखाधिकाऱ्याला मंजुरी, एवढंच असेल तर रोल पुरतात. पण समजा, मुंबईतली एक पतसंस्था आहे आणि तिच्या शाखा दादर, घाटकोपर आणि बोरिवलीला आहेत. दादरच्या लिपिकाने बोरिवलीच्या कर्जफाइली उघडायच्या नाहीत, आणि मंजुरी सकाळी 10 ते संध्याकाळी 6 याच वेळात द्यायची, असा नियम आला की अडतं. ‘लिपिक-दादर’, ‘लिपिक-बोरिवली’ असे रोल वाढवत गेलात तर प्रत्येक नव्या शाखेमागे यादी लांबते, आणि घड्याळाचा नियम त्यात बसत नाही तो नाहीच. अशा वेळी सर्व्हर जिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवतो, तिथेच आपला नियम घालायचा. हा निर्णय घेणारा कोड म्हणजे पॉलिसी.

आधी आवृत्ती तपासा. यासाठीचा करार, म्हणजे सर्व्हर आणि पॉलिसी एकमेकांशी कसं बोलतात याचं ठरलेलं मानक, जेएसआर 115 म्हणून आला. आज त्याचं नाव जकार्ता ऑथरायझेशन आहे. जुन्या पद्धतीत पॉलिसी जावाच्या सिक्युरिटी पॅकेजमधल्या पॉलिसी वर्गावर बेतलेली असे आणि ती अख्ख्या जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) एकच असे. ज्या सिक्युरिटी मॅनेजरच्या यंत्रणेतला तो वर्ग, ती जावा 17 मध्ये मोडीत काढण्याच्या यादीत गेली आणि जावा 24 मध्ये कायमची बंद झाली. जकार्ता ईई 11 सोबतच्या ऑथरायझेशन 3.0 मध्ये स्वतंत्र पॉलिसी इंटरफेस आहे आणि पॉलिसी प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळी बसवता येते. खालच्या पायऱ्या 3.0 च्या आहेत. नुसत्या टॉमकॅट या वेब सर्व्हरवर हे चालणार नाही, तो हा करार राबवत नाही. नेटवरच्या उदाहरणात इम्पोर्ट ‘जावाएक्स.सिक्युरिटी.जेएसीसी’ने सुरू होत असेल, तर ते जुन्या पद्धतीचं आहे. (वर्गांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडमध्ये ती मूळ रोमन लिपीत लिहायची.)

1. नियम कोष्टकात लिहा. पद, शाखा, पत्ता (यूआरएल), एचटीटीपी मेथड (गेट, पोस्ट, पुट वगैरे), वेळ असे पाच रकाने करा आणि हे कोष्टक शाखाधिकाऱ्याकडून तपासून घ्या. त्याला हमखास सुचणारा प्रश्न म्हणजे पावसाळा. जुलैत लोकल बंद पडली आणि दादरचा लिपिक बोरिवली शाखेतच बसला, तर? म्हणून शाखा आयपी पत्त्यावरून ओळखू नका. ‘आजची नेमणूक’ असं वेगळं टेबल ठेवा आणि प्रत्येक नोंदीला संपण्याची वेळ द्या. ती नसेल तर तात्पुरती परवानगी गणपतीपर्यंत तशीच राहते.

2. मूळ पॉलिसीला वेष्टण घाला. पॉलिसी कोऱ्या पानावरून लिहू नका. हा सल्ला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा. सर्व्हरची स्वतःची पॉलिसी आधी वर्ज्य परवानग्या पाहते, मग सर्वांना खुल्या असलेल्या, आणि शेवटी रोल. हे सगळं पुन्हा लिहिताना कुठेतरी भोक राहतं. तुमच्या वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मूळ पॉलिसी घ्या आणि सगळ्या मेथड तिच्याकडेच सोपवा. फक्त ‘इम्प्लाइज’ या मेथडमध्ये आपली भर घाला, आणि तीही नकार वाढवणारी. मूळ पॉलिसी ‘नाही’ म्हणाली तर तुमचा कोड कधीही ‘हो’ म्हणणार नाही, एवढं पाळलंत तर तुमच्या चुकीने एखाद्याचं काम अडेल, पण दार उघडं राहणार नाही.

3. निर्णय लिहा. ‘इम्प्लाइज’कडे मागितलेली परवानगी आणि सब्जेक्ट, म्हणजे ती मागणारा वापरकर्ता, येतात. परवानगी वेबरिसोर्सपरमिशन (वेबपत्ता उघडण्याची) प्रकारची आहे का, ते आधी पाहा. नसेल तर मूळ पॉलिसीचं उत्तर तसंच परत करा. ‘हा वापरकर्ता या रोलमध्ये आहे का’ ही विचारणाही इथूनच जाते, ती अडवलीत तर पडद्यावरची बटणं गायब होतील. परवानगीच्या नावात ॲप्लिकेशनच्या मुळापासूनचा पत्ता मिळतो, ॲक्शनमध्ये एचटीटीपी मेथड. मुखपृष्ठाचा पत्ता तिरकी रेघ म्हणून येत नाही, रिकामी स्ट्रिंग म्हणून येतो. तुलना करताना इथेच फसायला होतं. कोष्टकात नसलेल्या एचटीटीपी मेथडला नकार द्या, नाहीतर पोस्ट अडवाल आणि पुट निसटेल.

पत्त्यात प्रश्नचिन्हापुढचा भाग नसतो. म्हणून शाखा पत्त्यातच हवी: ‘/कर्ज/दादर/1042’. तरीही 1042 ही फाइल खरोखर दादरची आहे का, हे पॉलिसीला कळत नाही. डेटाबेसची क्वेरी शाखा आणि फाइल क्रमांक दोन्हींवर चालवा, नाहीतर पत्त्यात ‘दादर’ ठेवून बोरिवलीचा क्रमांक टाकला की फाइल उघडेल. हा भाग सर्व्हिस थरातच लिहावा लागतो.

4. नोंदणी करा. वेबलिसनर म्हणून एक सर्व्लेटकॉन्टेक्स्टलिसनर, म्हणजे ॲप्लिकेशन सुरू होताना आपोआप चालणारा वर्ग, लिहा. त्याच्या सुरुवातीच्या मेथडमध्ये पॉलिसीफॅक्टरी मिळवा, तिच्याकडून सध्याची पॉलिसी घ्या, ती आपल्या वर्गात गुंडाळा आणि ‘सेटपॉलिसी’ने परत द्या. चार ओळींचं काम.

आता बिघडतं कुठे ते. पॉलिसीचा एकच ऑब्जेक्ट सगळ्या विनंत्यांना मिळून असतो, म्हणून वापरकर्त्याची माहिती त्याच्या फील्डमध्ये ठेवू नका. एका विनंतीसाठी पॉलिसीला एकाहून जास्त वेळा विचारलं जातं. लॉगिन लागेल का हे पाहायला सर्व्हर आधी निनावी सब्जेक्ट घेऊन येतो. तेव्हा नाव नाही म्हणून एक्सेप्शन फेकलंत, तर लॉगिनचं पानही उघडणार नाही. दर वेळी डेटाबेसला जाऊ नका. नेमणुका 60 सेकंद कॅशमध्ये ठेवा. काढलेली परवानगी तेवढा वेळ जिवंत राहील, हे ऑडिटरला आधीच सांगा. डेटाबेस उत्तर देत नसेल तर नकार द्या आणि लॉगमध्ये कारण लिहा.

घड्याळाचं प्रकरण वेगळंच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि तुम्ही यंत्राची स्थानिक वेळ वाचत असाल, तर ‘10 ते 6’ हा नियम मुंबईत दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि रात्री साडेअकरापर्यंत चालतो. कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ हा झोन स्पष्ट लिहा.

आणखी एक गोम: सर्व्लेटने आतल्या आत दुसऱ्या पानाकडे फॉरवर्ड केलं, तर त्या दुसऱ्या पत्त्यासाठी ही तपासणी होत नाही. मंजुरीचं पान फॉरवर्डने उघडत असेल, तर ज्या पत्त्यावरून फॉरवर्ड होतं त्यालाही तोच नियम लावा.

5. तपासा. कोष्टकातल्या प्रत्येक ओळीसाठी एक परवानगीची आणि किमान एक नकाराची चाचणी लिहा. वेळेच्या चाचणीसाठी घड्याळ कन्स्ट्रक्टरमधून द्या, म्हणजे संध्याकाळचे 5:59 आणि 6:00 दोन्ही तपासता येतात. लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला नकार म्हणजे 403 हा उत्तराचा कोड. मात्र फॉर्म लॉगिन असेल तर निनावी विनंतीला काही सर्व्हर लॉगिनचं पान 200 (‘सगळं ठीक’) या कोडसहच देतात. म्हणून नुसता आकडा तपासू नका, आलेल्या पानात कर्जफाइलचा क्रमांक आहे का तेही पाहा.