पणजोबांची लढाईवरची पत्रं: ट्रंकेतून काढायची कशी, वाचायची कशी, ठेवायची कशी

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, यातल्या कुठल्याही जिल्ह्यात जुन्या घराचा माळा उतरवायला घेतला की एखाद्या घरी तरी लोखंडी ट्रंक निघते, वर पुसट अक्षरात नाव आणि पलटणीचा नंबर, आत एक पदक, एखादा फोटो आणि पत्रांचा गठ्ठा. मग तो गठ्ठा बघून घरात दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक म्हणतात जाळून टाका, वाळवी लागलीय. दुसरे म्हणतात उद्याच लॅमिनेट करून आणतो. दोघांनाही आधी थांबवा.

पहिलं काम म्हणजे गठ्ठा सोडायच्या आधी आहे तसा मोबाइलवर फोटो काढायचा, सगळ्या बाजूंनी. आपल्याकडे आलेलं पत्र वाचून झालं की भिंतीवरच्या वाकवलेल्या तारेत खोचून ठेवायची पद्धत होती, त्यामुळे बऱ्याच पत्रांना मधोमध भोक असतं आणि भोकाभोवती गंजाचा तांबूस डाग असतो. ती तार जशीच्या तशी मिळाली तर नशीब समजा, कारण सगळ्यात खालचं पत्र सगळ्यात जुनं, म्हणजे तारीख नसलेली पत्रंसुद्धा आपोआप क्रमाने लागतात. एकेक काढताना मागच्या कोपऱ्यात साध्या शिसपेन्सिलीने हलक्या हाताने १, २, ३ असे नंबर टाका. बॉलपेन नको, स्टिकर तर अजिबात नको. टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढायच्या नाहीत, पत्र पालथं ठेवून टाचणीची दोन्ही टोकं हळूच उचलायची आणि मग सरकवायची.

ओलं फडकं लांब ठेवा. हे मी ओरडून सांगतोय कारण पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातली कितीतरी पत्रं कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली आहेत. दिसायला ती करड्या साध्या पेन्सिलीसारखी दिसते, पण पाण्याचा थेंब पडला की जांभळी होते आणि पसरते, मग देव आला तरी ते अक्षर परत येत नाही. एखाद्या पत्रात मध्येच जांभळा ठिपका दिसला तर ओळखायचं की हीच पेन्सिल आहे, आणि बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर ती आज सोडायची. धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश, बास. घड्या करकचून बसल्या असतील तर जबरदस्तीने सपाट करू नका, दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जाडजूड पुस्तक दोन-चार दिवस ठेवलं की कागद आपोआप बसतो. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावायची नाही, तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात उतरतो आणि अक्षर खातो. लॅमिनेशनमध्ये तर उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते परत सोडवता येत नाही.

आता पाकिटं. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट फेकतात, किंवा घरातला तिकीटं जमवणारा पोरगा तिकीट पाण्यात भिजवून सुटं करतो. खरं तर लढाईवरच्या पत्रात जागेचं नाव लिहायला बंदीच असायची, त्यामुळे माणूस कुठे होता ते आतल्या मजकुरापेक्षा पाकिटावरूनच जास्त कळतं. १९१४ नंतरच्या पाकिटावर पंचम जॉर्जचं तिकीट आणि त्यावर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी काळी अक्षरं छापलेली असतील तर ते भारतातून परदेशी पाठवलेल्या फौजेचं खास तिकीट आहे. या फौजांना अक्षरं दिलेली होती, ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), ई आणि एफ इजिप्त, जी गॅलिपोली. गोल शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो, तो नंबर कोणत्या महिन्यात कुठे होता याच्या याद्या तिकीटसंग्राहक मंडळींनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या आहेत, तेव्हा शहरातल्या एखाद्या फिलाटेलीवाल्याला शिक्क्याचा स्वच्छ फोटो पाठवा, तो आनंदाने सांगेल. सेन्सॉरचा, म्हणजे पत्र तपासणाऱ्याचा, शिक्का वेगळा, तो पोस्टाच्या शिक्क्यात धरू नका.

निळं इनलँड असेल तर ते १९५० नंतरचं, कारण इनलँड आपल्याकडे सुरूच २ ऑक्टोबर १९५० ला झालं, म्हणजे लढाईवरचं असेल तर ६२, ६५ किंवा ७१ चं धरून चाला. पत्त्यात ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर जागा शोधत बसू नका, तो पत्ता मुळात जागा कळू नये म्हणूनच आहे. तिथे नंबर, हुद्दा, युनिट एवढंच नीट उतरवून घ्या. हुद्दाही तारीख सांगतो बरं का, ‘जमादार’ असेल तर पत्र १९६५ च्या आधीचं, नंतर त्या हुद्द्याला नायब सुभेदार म्हणायला लागले. आणि हाताच्या पंजाएवढं, चकचकीत फोटोच्या कागदावर बारीक अक्षरातलं पत्र मिळालं तर ते एअरग्राफ असणार, दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून पत्रांचे फोटो काढून नुसती फिल्म विमानाने पाठवायचे आणि इकडे आल्यावर छापून वाटायचे. त्याला कागद नव्हे, फोटो समजून कडेनेच धरायचं.

तारखेचं सांगतो. जुन्या पत्रात मिती आणि शके असतात, ‘कार्तिक शु. ५ शके १८३७’ असं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९१५. फक्त पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन असेल तर ७९ मिळवा कारण इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि आपला पाडवा अजून यायचा असतो. नेमकी तारीख हवी तर त्या वर्षाचं जुनं पंचांग बघावं लागतं.

हे उदाहरण मुद्दाम शके १८३७ चं घेतलं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात होत्या, गावाकडे म्हातारी माणसं नुसतं ‘बसऱ्याला गेला’ म्हणतात ते हेच. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या जवळ टेसिफोनपर्यंत गेली, २२ नोव्हेंबर १९१५ ला तिथे मोठी लढाई झाली, मग माघार घेऊन सगळे कुत-अल-अमाराला आले आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात अडकले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपून शरणागती झाली आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. आता तुमच्या गठ्ठ्यात कार्तिकापर्यंत पत्रं आहेत आणि मग एकदम काहीच नाही, तर ती पत्रं हरवली असं लगेच म्हणू नका. वेढ्यातून टपाल निघतच नव्हतं. म्हणून गठ्ठ्याची यादी करताना आलेल्या पत्रांच्या तारखांबरोबर मधल्या रिकाम्या महिन्यांची पण नोंद करा, आणि त्या काळात गावाकडून कोणी कोणाला काय लिहिलं, मनीऑर्डर बंद झाली का, ते शोधा.

लिपी मोडी असेल तर घाबरू नका आणि ‘हे उर्दू आहे’ म्हणून मशिदीतही नेऊ नका (हसू नका, असं होतं). मोडी शिकलेली माणसं आता बरीच आहेत, राज्याच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वाचणाऱ्याला मूळ पत्र देऊ नका, स्कॅन द्या, आणि सोबत घरातल्या माणसांची, भावकीची, शेतांची, आसपासच्या वाड्यांची नावं लिहून द्या, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो आणि नावं ओळखीची नसली की चांगला वाचकही चुकतो.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक लोक सोडून देतात. पत्र हातात घेतलं की आधी विचारायचं, हे लिहिलं कोणी आणि वाचून दाखवलं कोणी. तेव्हाच्या पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, पलटणीतला कोणी लिहिता येणारा लिहायचा, मग पलटणीतला साहेब बघायचा, मग सेन्सॉर. फ्रान्समध्ये तर हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांच्या टपालासाठी वेगळं सेन्सॉर ऑफिसच होतं, तिथे निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून रिपोर्ट बनायचे, ते आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ती मूळ पत्रं बहुतेक गेलीच. म्हणजे तुमच्या ट्रंकेतलं अस्सल पत्र त्या रिपोर्टपेक्षा दुर्मिळ आहे. शिपाईही काही कमी नव्हते, काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशा खुणा करून किती मेले किती उरले ते घरी कळवायचे. आणि इकडे गावात पत्र आलं की ते वाचणार पोस्टमन नाहीतर शाळेतले गुरुजी, ओट्यावर, चार माणसांत. बायकोच्या नावाने पत्र सहसा यायचं नाही, यायचं ते ‘तीर्थरूप’ वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने, आणि तिच्यासाठी असायचं ते ‘घरात सर्वांस सांगणे’ किंवा ‘मुलांच्या आईस’ अशा अर्ध्या ओळीत.

म्हणून पत्र कोरडं वाटलं तर नाराज होऊ नका. ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवत जावे’ हे सगळेच लिहितात, ती ओळ सोडा आणि त्यानंतर काय येतं ते बघा. तिथे बैल येतो, सारा भरला का येतो, पाऊस, पोराचं शाळेत नाव घातलं का, बांधावरून भावकीशी भांडण, आणि मनीऑर्डर पोचली का हे तर दर पत्रात. आजची पोरं त्यात देशभक्ती शोधतात आणि सापडली नाही की एखादं वाक्य स्वतः घालून स्टेटसला टाकतात, कृपा करून हे करू नका. हजारो मैलांवर बसलेला माणूस कोणत्या शेतात काय पेरलं हे विचारतोय, त्याला तसंच विचारू दे. एक युक्ती सांगतो, एकाच माणसाची चार-पाच पत्रं शेजारी ठेवून अक्षर बघा. अक्षर बदललं तर लिहिणारा बदलला, म्हणजे तो जुना लेखनिक दुसरीकडे गेला, जखमी झाला किंवा मेला. आणि अचानक वेडंवाकडं, मोठ्ठं, लहान पोरासारखं अक्षर आलं तर बहुतेक शिपाई स्वतः लिहायला शिकलाय. त्या पत्रात मजकूरही वेगळा असतो बघा, जास्त मोकळा.

मायन्यातल्या नावांमागची अक्षरं पण तपासा. एखाद्या पत्रात आत्याच्या नावामागे ‘सौ.’ आहे आणि पुढच्यात ‘गं. भा.’ आहे, तर मधल्या काळात काय झालं ते वेगळं सांगायला नको. मृत्यूची बातमी देणारं कार्ड मात्र गठ्ठ्यात सापडेलच असं नाही, कोपरा फाडलेलं ते कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, घरात ठेवायचं नाही. सापडलंच तर तो कोपरा कुरतडला म्हणून चिकटवायला जाऊ नका.

मनीऑर्डरच्या फॉर्मची खालची चिठ्ठी, जी पोस्टमन पैशाबरोबर द्यायचा, ती पण पत्रच आहे. दोन बोटांच्या जागेत माणूस काय काय लिहितो. बिलं समजून टाकू नका.

माणूस शोधायचा असेल तर पदकाची कडा भिंगाने बघा, ब्रिटिश काळातल्या बऱ्याच पदकांच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर तो हमाल, स्वयंपाकी, खेचरवाला अशा बिनलढाऊ कामावर असण्याची शक्यता धरा, आणि लाजू नका त्यात, ती पत्रंही तितकीच मोलाची. पलटणीचा जुना नंबर नवीनाशी जुळवताना लक्षात ठेवा की १९२२ मध्ये सगळी नावं बदलली आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १११ महार १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, आजची महार रेजिमेंट १९४१ ची. कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात, फक्त इंग्रजांनी नावाचं स्पेलिंग कसं केलं असेल ते चार-पाच प्रकारे टाकून बघा, आणि आडनावाने नाही सापडलं तर नुसत्या नावाने. पहिल्या महायुद्धात कैदेत गेलेल्यांसाठी रेडक्रॉसची जिनिव्हाची कार्डं ऑनलाइन आहेत. आणि गावातला दगड विसरू नका, साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जणांचा आहे तसा पुष्कळ गावांत आहे, वर्ष आणि आकडा तिथेच मिळतो.

फोटो काढताना खिडकीतला तिरपा उजेड घ्या, फ्लॅश बंद, पुसट पेन्सिल तिरप्या उजेडात उठून दिसते. पुढची बाजू, मागची बाजू, पाकीट दोन्हीकडून, कोरी बाजू असली तरी. फाइलला ‘०१४ पुढे’, ‘०१४ मागे’ असं नाव द्या, ‘आजोबा फायनल’ नको. मग पत्रं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, एका पाकिटात एकच, आणि तो डबा माळ्यावर नाही, बाथरूमच्या भिंतीला लागून नाही, तर घराच्या आतल्या कोरड्या कपाटात. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवायच्या नाहीत. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.

ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा घरातल्यांना विचारा, कारण बांधाचं भांडण आणि कुणाच्या सोयरिकीवरून झालेली बोलाचाली त्यात नावानिशी असते आणि ती घरं अजून शेजारीच राहतात. स्कॅन सगळ्या भावंडांना द्या, मूळ गठ्ठा मात्र एकाकडेच ठेवा, वाटण्या करताना तो फोडू नका, दोन काकांनी निम्मी निम्मी नेली की कोणतं पत्र कशाला उत्तर होतं ते कायमचं जातं. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या रविवारीच फोनचा रेकॉर्डर चालू करून एकेक पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, ‘हा धोंडू कोण’, ‘वरचं शेत म्हणजे कोणतं’ याची उत्तरं दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात मिळणार नाहीत.