रूट कॅनालला येताना एवढं लक्षात ठेवा

इंदूरला राजवाड्याजवळ माझा दवाखाना आहे. सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इथल्या सराफ बाजारात, गरम जिलबी खाल्ली आणि दाढ ठणकायला लागली, असं सांगत येणारे पुष्कळ असतात. ठणका दोन दिवसांनी आपोआप थांबला, की ते येणंच टाळतात. असं करू नका. आतली नस मेली की दुखणं थांबतं, जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी वाढत राहतो.

येताना उपाशी येऊ नका. साधं जेवून या. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, औषधाची अ‍ॅलर्जी हे आधी सांगा. रक्ताची गोळी मनानं बंद करू नका. आणि कृपा करून दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरू नका, तिथली कातडी पांढरी होऊन भाजते.

भूल दिल्यावर दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. मग बारीक फाइल्सनी, म्हणजे सुईसारख्या कानशींनी, मुळातल्या नळ्या साफ करून, औषधानं धुऊन त्या भरतात. दुखलं तर हात वर करा, आम्ही थांबतो.

ओठाचा बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो. दोन-चार दिवस चावताना दुखेल. सूज वाढली, ताप आला, गिळता येईना, तर लगेच या.

कॅप, म्हणजे दाढेवर नंतर बसवायचं टोपण, पुढं ढकलू नका. दाढेत भरलेलं तात्पुरतं सिमेंट झिजतं, पोकळ दाढ शेवेतल्या एखाद्या कडक दाण्यानंही तडकते, आणि तडा मुळापर्यंत गेला तर ती काढावीच लागते.