अल्कलिनिटी उतरवण्याआधी: खान्देशातल्या खाऱ्या टँकची तयारी

समुद्री मासे-कोरल ठेवलेल्या टँकच्या टेस्टमध्ये अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) १३ डीकेएच (तिचं एकक) आली, की सगळ्यात आधी टँकमध्ये जे काही घालताय ते थांबवा. बफर, टू-पार्ट (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची जोड द्रावणं), कल्कवासर (चुन्याची निवळी), अल्कलिनिटी वाढवणारं सगळं बंद. समुद्रात ती साधारण ७ असते आणि घरच्या टँकमध्ये ८-९ वर स्थिर राहिली तरी पुष्कळ. नुसते मासे असतील तर १२-१३ ने जीव घाबरा करायचं कारण नाही. पण कोरलची टोकं पांढरी पडू लागली असतील, हीटरवर आणि पंपात चुन्यासारखा थर चढत असेल, तर ती उतरवायलाच हवी. तीही दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नाही. कोरलला वाढलेल्या आकड्यापेक्षा अचानक झालेला बदल जास्त सोसत नाही.

आकडा खरा आहे का, हे बघायला टेस्ट किट तपासून घ्या. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात माळ्यावर राहिलेल्या किटवर माझा तरी विश्वास नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी १ लिटर घ्या आणि त्यात खायचा सोडा ३ ग्रॅम विरघळवा. त्यातलं १०० मिली काढून सोडा न घातलेल्या डिस्टिल्ड पाण्याने १ लिटर करा. या द्रावणाची अल्कलिनिटी १० डीकेएच येते. किट ९.५ ते १०.५ दाखवत असेल तर ठीक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३ ग्रॅम नीट मोजता येत नाहीत. सराफाकडून तोलून आणा, जळगावात तर त्यांची वानवा नाही. हे पाणी तपासणीपुरतंच, टँकमध्ये ओतायचं नाही. सोबत खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आहे ना, हेही बघा, कारण मीठ जास्त झालं की अल्कलिनिटीही वाढलेली दिसते. मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या दरम्यान हवं. ते कमी असलं की चुना लवकर बाहेर पडतो.

आता मुख्य गोष्ट, पाणी. आपल्याकडे बहुतेक वेळा दोष डोसिंगचा (वरची द्रावणं घालण्याचा) नसून रोज वरून घातल्या जाणाऱ्या पाण्याचा असतो. उन्हाळ्यात टँक थंड ठेवायला पंखा लावतो, पंख्याने पाणी झपाट्याने उडतं, मीठ आणि क्षार मात्र मागे राहतात. २०० लिटरच्या टँकमधून रोज ५ लिटर पाणी उडतंय आणि तुम्ही बोअरचं १७ डीकेएचचं पाणी घालताय असं धरा. रोज ०.४ ची भर पडते, आठवड्यात जवळजवळ ३. असं पाणी घालत राहिलात तर कितीही उतरवा, आकडा पुन्हा चढणारच. म्हणून त्याच किटने नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी वेगवेगळं तपासा. घरच्या आरओला पिण्याच्या चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेकॅनिकला बोलावून तो पूर्ण बंद करून घ्या, मिनरलचं कार्ट्रिज असेल तर काढायला सांगा आणि टँकसाठी शेवटी डीआय फिल्टर (उरलेसुरले क्षार काढणारा) जोडा. टीडीएस मीटर शून्याच्या आसपास आला पाहिजे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मोहात पाडतं, पण त्यात तांबं उतरलेलं असू शकतं. ते नकोच.

मग मीठ. काही पाकिटांतलं मीठ मुळातच ११-१२ डीकेएच देतं. पाणी बदलायला ते काही कामाचं नाही. ८ च्या आसपास देणारं मीठ मागवा. ते मुंबईहून यायला वेळ लागतो, म्हणून आधीच. फूड-ग्रेड ड्रममध्ये ४० लिटर आरओ-डीआय पाण्याला सुमारे दीड किलो मीठ लागतं. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरू द्या आणि सकाळी खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी टँकशी ताडून बघा. १३ च्या २०० लिटर टँकमधलं ४० लिटर पाणी ८ च्या पाण्याने बदललं की आकडा १२ वर येतो. पुढच्या प्रत्येक वेळी घसरण कमी होत जाते, म्हणून दोनदा-तीनदा पुरेल एवढं मीठ घरात ठेवा. उरलेलं काम कोरल अल्कलिनिटी वापरून स्वतः करतात.

व्हिनेगर ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जिवाणू ते खाऊन टाकतात, अल्कलिनिटी जवळपास होती तिथेच येते आणि मधल्या काळात पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडने ती खरोखर उतरते, पण पीएच एकदम कोसळतो. घरच्या टँकसाठी मी ते सुचवणार नाही.

पाणी बदलायच्या दिवशी बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या. लाईट कधी जाईल सांगता येत नाही. रोज एकाच वेळी आकडा वहीत लिहा आणि ९ वर आला की पाणी बदलणं थांबवा. डोसिंग लगेच सुरू करू नका. आधी दोन-तीन दिवसांत तो किती खाली जातो ते बघा, त्याला दिवसांनी भागा, तेवढाच तुमच्या कोरलचा रोजचा खप, आणि डोस त्यावरूनच ठरवा.